परतीचं पार्सल कुणाचं?

लक्ष्मी रोडवरच्या किंवा दादरच्या एखाद्या जुन्या दुकानाचं बिल काढून बघा. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असायची, काही ठिकाणी अजून असते: ‘एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही.’ खाली ‘हुकुमावरून’ एवढंच लिहायचं राहिलेलं. सदोष मालालाही ही ओळ लावणं कायद्यात बसत नाही, हे ना दुकानदाराच्या गावी असतं ना गिऱ्हाइकाच्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, कलम २(४७) खाली, अनुचित व्यापारी प्रथांची यादी दिली आहे. सदोष माल परत न घेणं आणि त्याचे पैसे न देणं ही त्यातली एक. किती दिवसांत? बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत. काहीच लिहिलं नसेल तर तीस दिवसांत.

हे वाक्य दोनदा वाचायला हवं. तीस दिवस कुणाला मिळतात? ज्याचा दुकानदार मुदत लिहायला विसरला त्याला. ज्यानं आठवणीनं ‘सात दिवस’ असं छापलं, त्याच्या गिऱ्हाइकाला सात. म्हणजे कायद्यानं दिलेल्या हक्काची लांबी ठरवण्याची कात्री विक्रेत्याच्याच हातात. कोपऱ्यावरच्या दुकानात हे एक वेळ चालून जातं. तिथं तोंडओळख असते, पुढच्या खेपेचं गिऱ्हाईक गमावण्याची भीती असते. ऑनलाइन खरेदीत तोंडही नाही आणि ओळखही नाही. तिथं ती कात्री नुसती चालत राहते.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक मिक्सर आला. ऑनलाइन मागवलेला, किंमत अठराशेच्या आसपास. मोठ्या जारच्या तळाला तडा होता. दुसऱ्याच दिवशी ॲपवर परतीची विनंती टाकली, फोटो जोडले, विनंती मंजूर झाली. ‘उद्या पिकअप होईल.’ उद्या कुणी आलं नाही. संध्याकाळी निरोप आला: आमचा प्रतिनिधी आला होता, ग्राहक उपलब्ध नव्हते. घरात आम्ही तिघं होतो आणि आई तर दुपारभर गॅलरीत, रस्त्याकडं तोंड करून बसलेली. असं तीनदा झालं. नवव्या दिवशी विनंती आपोआप रद्द झाली आणि नवी टाकायला गेलो तर ॲप म्हणालं, परतीची मुदत संपली आहे. मुदत सात दिवसांची होती. ती संपवण्यात आमचा हात शून्य.

हा प्रसंग लिहिण्याचं कारण मिक्सर नव्हे. अशी गोष्ट प्रत्येक घरात एक तरी निघते आणि पुष्कळांची माझ्यापेक्षा महाग निघते. मला त्यात दिसलेली गोम अशी की या सगळ्यात माझा परतीचा हक्क कुणी एकदाही नाकारला नाही. ‘परत घेणार नाही’ असं कुणी म्हणालंच नाही. फक्त न्यायला कुणी आलं नाही.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. २०१९ चा कायदा लागू झाला २०२० च्या जुलैमध्ये, आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे वेगळे नियमही आले. त्या नियमांत विक्रेत्यावर स्पष्ट बंधन आहे: माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर पोचला असेल, तर तो परत घ्यायला वा पैसे द्यायला नकार देता येणार नाही. (उशीर पूर-भूकंपासारख्या कारणानं झाला असेल तर सूट.) परत पाठवण्याचा खर्च कुणाचा, हे विक्रेत्यानं आधीच नीट दिसेल असं सांगायचं आहे. तक्रार आली की तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकालात काढायची. वाचायला सगळं ठीक आहे.

पण मंजूर झालेल्या परताव्याचे पैसे कधी द्यायचे? नियम म्हणतो, ‘वाजवी मुदतीत’. पार्सल किती दिवसांत उचलायचं? याबद्दल अवाक्षर नाही. उचललं नाही आणि मधल्या मध्ये मुदत टळली तर? तेही नाही. हक्क आहे, मात्र तो ज्या रस्त्यानं वसूल व्हायचा त्या रस्त्यावर ना मैलाचा दगड ना पोलीस. विक्रेत्याच्या गोदामापासून माझ्या दारापर्यंतच्या प्रवासाची तारीख ठरलेली असते, उशीर झाला तर नियम तो पकडतो. माझ्या दारापासून परतीच्या प्रवासाला मात्र तारीखच नाही.

गंमत म्हणजे या बाबतीत नव्या कायद्यापेक्षा इंग्रजांच्या काळातला कायदा अधिक रोखठोक आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ४३ सांगतं की खरेदीदाराला माल नाकारण्याचा हक्क असेल आणि त्यानं तो नाकारला, तर तो माल विक्रेत्याकडं पोचवण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. ‘मी स्वीकारत नाही’ एवढं कळवलं की पुरे. अर्थात वेगळा करार नसेल तर. आज आपण ‘मोफत पिकअप’ ही कंपनीची मेहेरबानी समजून घेतो, ॲपसुद्धा ती सवलतीच्या रंगात रंगवून दाखवतं. सदोष मालाच्या बाबतीत ती मेहेरबानी नाहीच. नव्वद-पंचाण्णव वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलेलं आहे. फक्त ‘वेगळा करार नसेल तर’ या चार शब्दांच्या फटीतून, कुणी न वाचलेल्या अटी-शर्तींची अख्खी बैलगाडी आत आली.

आता जरा दाराच्या पलीकडं जाऊ, कारण गिऱ्हाइकाच्या बाजूनं एवढं बोलून थांबणं सोपं आहे.

माल जातो तेव्हा एका गोदामातून हजार पत्त्यांवर जातो. भिवंडीला माणकोली, पूर्णा, काल्हेर या भागातून एकदा फिरून या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामंच गोदामं आहेत. तिथून निघणारं पार्सल सीलबंद असतं, त्यावर बारकोड असतो, ट्रक भरून जातो. परत येणारा माल हजार पत्त्यांवरून एकेक करून गोळा करायचा असतो. खोकं फाटलेलं, सेलोटेप गिऱ्हाइकानं लावलेली, आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. आणि उघडून बघायला माणूस लागतो. ही वस्तू नव्यासारखी आहे, ही दुरुस्त करून विकता येईल, ही लॉटमध्ये व्यापाऱ्याला किलोवर द्यायची, ही भंगारात: हा निवाडा मशीन करत नाही. जाण्याचा खर्च वाटला जातो, येण्याचा खर्च प्रत्येक नगावर स्वतंत्र चढतो.

आणि ज्याच्यावर हे काम सोपवलेलं असतं, त्या पोराची सकाळ बघा. स्कूटरच्या मागं द्यायच्या पार्सलांची बॅग तुडुंब भरलेली असते. ती रिकामी व्हायला दुपार उलटते. तोवर मिक्सरचं खोकं ठेवणार कुठं? मोठा नग असेल तर तो उचलणं म्हणजे पाच लहान नगांची जागा घालवणं. त्याच्या फोनवर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ हे बटण असतं. ‘माझ्या गाडीवर जागा नाही’ हे बटण नसतं. मी त्या खोट्या निरोपावर चिडलो होतो. आजही चिडतो. पण ते खोटं कुठं जन्माला आलं हे कळल्यावर राग थोडा वरच्या मजल्यावर सरकला.

तिसरा माणूस विक्रेता. समजा, कोल्हापूरकडचा एक कारागीर हातानं केलेली कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन ९०० रुपयांना विकतो आणि कमिशन, पॅकिंग जाऊन त्याच्या हाती जोडामागं दीडशे उरतात. हातशिलाईच्या चपलेत सात नंबर आणि सात नंबर यांच्यात बोटभर फरक पडू शकतो. गिऱ्हाईक म्हणतं, बसत नाही. जाण्याचं भाडं गेलं, येण्याचं भाडंही त्याच्याच खात्यातून कापलं गेलं, जोड पंधरा-वीस दिवस रस्त्यावर राहिला आणि आला तो तळाला चिखल लागून. एका परतीनं दोन विक्रींचा नफा खाल्ला. पैठणीवाल्यांना विचाराल तर हळदीचा डाग पडून परत आलेल्या साड्यांच्या गोष्टी ऐकायला मिळतील. नवा शर्ट गेला आणि खोक्यातून जुना आला, हेही होतं. शिवाय आरटीओ. नंबरप्लेटवालं आरटीओ नव्हे. या धंद्यात आरटीओ म्हणजे दारापर्यंत जाऊन न घेता परतलेलं पार्सल. पैसे पोचल्यावर द्यायचे असतात, तेव्हा ‘नको, मन बदललं’ म्हणायला काही लागत नाही. १९३० च्याच कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे विक्रेता अशा गिऱ्हाइकावर नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो. ९०० रुपयांच्या चपलेसाठी, दुसऱ्या राज्यातल्या माणसावर. लावून बघावा कुणी.

तर माझं म्हणणं असं आहे. परतीचा सगळा कारभार आज प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे ॲप चालवणाऱ्या कंपनीच्या हाती आहे आणि प्लॅटफॉर्मचे दोन चेहरे आहेत. गिऱ्हाइकाला तोंड देताना तो म्हणतो, ‘ही आमची पॉलिसी आहे.’ विक्रेत्याच्या खात्यातून पैसे कापताना म्हणतो, ‘ग्राहकाचा हक्क आहे, कायदा आहे.’ एकाला धोरण दाखवायचं, दुसऱ्याला कायदा. स्वतः मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ च्या छत्रीखाली ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ म्हणून कोरडं राहायचं. परत घ्यायचं की नाही हे कोण ठरवतं? प्लॅटफॉर्म. कधी उचलायचं? प्लॅटफॉर्म. पैसे कुणाकडं अडकलेले असतात? बहुतेक वेळा त्याच्याचकडं. जो सगळं ठरवतो त्याला मध्यस्थ म्हणणं म्हणजे लग्न लावणाऱ्या भटजीनंच वरमाला घातल्यावर त्याला साक्षीदार म्हणण्यासारखं आहे.

सरकारला हे दिसलं नव्हतं असं नाही. जून २०२१ मध्ये ई-कॉमर्स नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा आला होता. विक्रेत्याच्या हलगर्जीपणामुळं गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर प्लॅटफॉर्मवरही जबाबदारी टाकण्याची तरतूद त्यात होती. मोठा गदारोळ झाला आणि तो मसुदा मसुदाच राहिला.

कायद्याला हात घालायचा तर तो घालता येतो, हे प्रेशर कुकरच्या प्रकरणात दिसलं. सरकारनं घरगुती कुकरला गुणवत्तेचं मानक सक्तीचं केलं होतं. ते न पाळणारे कुकर विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉनला आदेश दिला: असे जे २,२६५ कुकर विकले ते घेणाऱ्या सगळ्यांना कळवा, कुकर परत मागवा, पैसे परत करा आणि एक लाख रुपये दंड भरा. फ्लिपकार्टवरही ५९८ कुकरसाठी तसाच आदेश झाला. इथं गिऱ्हाइकानं रांगेत उभं राहायचं नव्हतं, परतीची गाडी कंपनीनं काढायची होती. ॲमेझॉन त्यावर दिल्ली उच्च न्यायालयात गेली, ते तिच्या हक्कातलं आहे. खटकलं ते वेगळंच: त्या कुकरांच्या विक्रीतून कंपनीला शुल्कापोटी सहा लाखांवर रक्कम मिळाल्याचं आदेशातच नमूद होतं. सहा लाखांच्या कमाईवर एक लाखाचा दंड हा दंड कसला, तो किरकोळ खर्च झाला.

मग उपाय काय? कुणी म्हणेल, युरोपसारखं करा. तिथं २०११ च्या निर्देशानुसार ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत, कसलंही कारण न देता परत करता येते. चीननं मार्च २०१४ पासून सात दिवसांची तशीच सोय केली. ऐकायला मोहक आहे. पण तिथल्या कायद्याचा न सांगितला जाणारा भाग असा की कारण नसताना परत करायचं तर परतीचं भाडं, विक्रेत्यानं स्वतःहून उचललं नाही तर, गिऱ्हाइकाला भरावं लागतं. वस्तू नुसती पाहण्यापलीकडं वापरली असेल तर तिची घटलेली किंमतही द्यावी लागते. आणि एवढं करूनही परत आलेल्या कपड्यांचे ढीग साठले, त्यातले कित्येक नष्ट केले जाऊ लागले. ते थांबवायला २०२४ मध्ये युरोपीय संघाला आणखी एक कायदा करावा लागला: १९ जुलै २०२६ पासून मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला मनाई, आणि त्यात गिऱ्हाइकानं परत केलेला मालही आला.

आपल्याकडं तसा सरसकट हक्क मी मागणार नाही. त्याचं भाडं शेवटी कोल्हापूरच्या त्या चपलेवरच चढेल, कारण सर्वांत कमी ताकद तिथंच आहे. ‘माल सदोष’ आणि ‘मन बदललं’ ही दोन वेगळी खाती आहेत आणि आज ती एकाच बटणाखाली कोंबलेली आहेत. मन बदललं तर भाडं गिऱ्हाइकानं द्यावं. ते ऐकून माझ्या ओळखीतले निम्मे लोक नाराज होतील, होऊ देत. तीन मापांचे शर्ट मागवून दोन परत करणं हा ग्राहकहक्क नाही, ती कुणीतरी दुसऱ्यानं भरलेली चैन आहे.

सदोष मालाच्या खात्यात मात्र मला दया नको. तिथं हवं आहे घड्याळ. आणि त्याचा नमुना आपल्याच देशात तयार आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये एक परिपत्रक काढलं. यूपीआयनं दुकानदाराला पैसे दिले, खात्यातून कापले गेले पण दुकानदाराला पोचलेच नाहीत, तर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये, आणि तेही खातेदारानं न मागता. एवढी साधी गोष्ट. ‘वाजवी मुदत’ नाही, सद्भावना नाही. दिवस मोजा, शंभरानं गुणा. चहाच्या वीस रुपयांसाठी हा नियम लागू होतो. अठराशेच्या मिक्सरला का होऊ नये?

विनंती नोंदवली त्या क्षणी परतीची मुदत थांबली पाहिजे. ठरल्या दिवसांत पार्सल उचललं नाही तर रोजचे शंभर. उचलल्यानंतर ठरल्या दिवसांत पैसे आले नाहीत तरी तेच. आणि हे शंभर विक्रेत्याच्या खात्यातून कापायचे नाहीत. पिकअपचा कारभार ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचे. यावर आक्षेप येतो की कंपन्या हा खर्च शेवटी कुठून तरी वसूल करतीलच. करतील, पण निदान तो हिशेबात दिसेल. आज तो कुठंच दिसत नाही, कारण तो आईच्या गॅलरीतल्या दुपारींत आणि त्या पोराच्या खोट्या बटणात विखुरलेला आहे. उशिराला किंमत आली की त्याच्या स्कूटरऐवजी दुपारी एक टेम्पो पाठवायचं गणित कुणाला तरी सुचेल.

पैसे परत म्हणजे पैसे. कूपन नव्हे, वॉलेटमधली शिल्लक नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणानं ओला कॅबला सांगितलं की परतावा बँक खात्यात हवा की कूपन हवं, हे प्रवाशाला निवडू द्या. तोवर कूपनच मिळत होतं. एका कंपनीला दिलेला आदेश सगळ्यांसाठी नियम व्हायला काय हरकत आहे, मला कळत नाही.

‘आयोग आहेच की’ असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. जिल्हा ग्राहक आयोगात आता आपण राहतो त्या गावी तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे ॲपची सात दिवसांची मुदत टळली तरी दोषाची तक्रार जिवंत असते. हे लोकांना माहीत नाही आणि माहीत असायला हवं. पण तारखेला जायला एक दिवसाचा रोजगार बुडतो. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं तेव्हा देशात ग्राहक कायदा नव्हता. तो आला १९८६ मध्ये. त्या चळवळीनं मराठी माणसाला एक सवय लावली: बिल मागायची. पुढं भांडायचं तर हातात कागद हवा. परतीच्या बाबतीत ती सवय आपण विसरलो आहोत. पार्सल उचलून नेतात आणि आपल्या हाती येतो एक एसएमएस. त्यात पार्सल मिळालं एवढंच असतं, आत काय होतं, कसं होतं, काही नसतं. दारात खोकं उघडून दोघांनी बघावं आणि दोघांच्या फोनवर एकच नोंद उतरावी. जुना शर्ट भरणारं गिऱ्हाईक आणि ‘वस्तू वेगळीच आली’ म्हणून परतावा अडवणारं गोदाम, दोघांचीही सोय त्यात बंद होते.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेविसाव्या दिवशी एक मुलगा आला. त्याच्या फोनवर प्रश्न आले: खोकं आहे का? जार तीन आहेत का? वायर आहे का? तडा आहे का, हा प्रश्न नव्हताच. त्यानं सगळीकडं ‘होय’ दाबलं आणि खोकं उचललं. मी पावती मागितली. पावती नसते म्हणाला, मेसेज येईल. आई आतून म्हणाली, तसं नाही द्यायचं हं. त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा दाराकडं बघितलं, खिशातून एक फाटकं जुनं लेबल काढलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं: ‘मिक्सर १, जारला तडा, मिळाला.’ खाली तारीख आणि सही. मेसेज आला तो रात्री साडेनऊला. त्यात लिहिलं होतं, ग्राहकाने वस्तू सुस्थितीत परत केली.

लेबल मी कपाटात ठेवलं आहे.